दोन सुतळ्यांबद्दल आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,
शि. सा. न. वि. वि.

परवा आईला घेऊन शेतावर जाऊन आलो. इंदूरहून खंडवा रोडला सिमरोलच्या पुढं डांबर सोडून आत वळलं की आमच्या बांधापर्यंत दीड किलोमीटर नुसती काळी माती. तुम्हाला काय सांगायचं, माळव्यातली ही माती वैशाखात भेगाळते आणि जुलैत साबण होते. गाडी एकदाही अडली नाही. बांधावर वळवताना येणारा, तुम्ही घालवलेला तो 'कट् कट्' आवाजही नाही. परत येताना आई म्हणाली, "त्या मिस्त्रींना चार ओळी लिही." तुमचं नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मिस्त्रीकाका.

इतरांनाही हे वाचायचंय, म्हणून गाडीबद्दल थोडं. आमच्याकडे जुनी टाटा आरिया आहे, चारही चाकांना जोर जाणारी. २०१० साली ही बाजारात आली तेव्हा माझ्यासारख्यानं फक्त शोरूमच्या काचेतून बघावी अशी तिची किंमत होती. खपली फारशी नाही. २०१७ मध्ये हेक्सा आली आणि लोक हिला विसरले. लोक विसरतात ते आपल्या खिशाला परवडतं, या हिशेबानं मी ती साडेतीन लाखांत घेतली. तीन रांगा, २.२ लिटरचं डिझेल इंजिन, आईचे गुडघे न दुमडता बसता येईल अशी मधली सीट, आणि मागं खताच्या गोण्या. शहरात दहाच्या वर ॲव्हरेज देत नाही. मेहुणा म्हणतो, हत्ती पाळलाय. पाळलाय खरा. फक्त हत्ती आजारी पडला की वैद्य मिळत नाही, हे मला माहीत नव्हतं.

वैद्य तसे तीन भेटले. पहिल्याकडे काचेचं केबिन, एसी, कॉफीचं मशीन. त्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या नि मागच्या चाकांत वाटणारी पेटी, गेली म्हणून १ लाख ८० हजारांचा कागद हातात दिला. पार्ट कधी येईल विचारलं तर "बघू". दुसऱ्यानं गाडीखाली न वाकताच सांगितलं, पुढच्या चाकांना जोर नेणारा दांडा, म्हणजे पुढचा शाफ्ट, काढून टाका आणि मागच्या दोन चाकांवर चालवा. अहो, मग घेतली कशाला? तिसरा माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, भंगारात घालून ये, मी गिऱ्हाईक बघतो. तिघंही बोलत होते तेव्हा आई तिथंच बसलेली होती. गाडीत रोज बसणारी बाई, आवाज पहिल्यांदा तिनंच ओळखला होता, पण तिला कुणी एक शब्द विचारला नाही.

तुम्ही फोनवरच पहिल्यांदा ओरडलात ते आठवतंय? "पुढची चाकं उचलून ओढत आणू नका, अजून खराब होईल. सपाट गाडीवर चारही चाकं चढवून आणा!" तेव्हाच मला वाटलं, या माणसाला ही गाडी कळते.

मग तुम्ही गाडी जॅकवर घेतलीत. मी इंजिनाकडे बघत होतो, तुम्ही टायरांकडे. खिशातून सुतळी काढलीत, मागच्या टायरभोवती गुंडाळून कापलीत, मग पुढच्या टायरभोवती. आणि त्या दोन्ही सुतळ्या मला न देता खुर्चीवर बसलेल्या आईच्या हातात दिल्यात. "मावशी, तुम्ही ब्लाउज शिवायच्या ना? मापाचे हात आहेत तुमचे. सांगा, फरक किती होऊन राहिला?"

आईनं दोन्ही टोकं जुळवली, सुतळ्या मांडीवर ताणल्या, शेवटाला बोटं लावली. "दोन बोटं." तीन सेंटीमीटर असतील.

काका, मला ट्रान्सफर केस दुरुस्त झाल्याचा आनंद नंतर झाला. आधी आईचा चेहरा बघून झाला. गुडघे गेल्यापासून तिला सगळे उचलून ठेवायची वस्तू समजतात, मीसुद्धा. त्या दिवशी रोगाचं निदान तिनं केलं आणि तुम्ही ते मान्य केलंत. पुढचा अर्धा तास ती गॅरेजातल्या पोरांना काज कसं करायचं ते सांगत होती.

बाकी तुम्ही समजावलेलं मी सगळ्यांना सांगतो. दुकानदारानं मागचे दोन टायर नवे घातले आणि "पुढचे अजून चालतील" म्हणाला. कायद्यानं चालतीलही, १.६ मिलिमीटर नक्षी शिल्लक असली की कायद्याचं भागतं, आणि पुढच्यांवर तीन होती. नव्यावर आठ. पाच मिलिमीटरच्या झिजेनं चाक एका फेरीत तीन सेंटीमीटर कमी चालतं. दर किलोमीटरला चाकाच्या सव्वाचारशेच्या वर फेऱ्या, म्हणजे तेरा मीटरचा घोटाळा. पुढचा नि मागचा शाफ्ट वेगवेगळ्या गतीनं फिरायला बघतात, ट्रान्सफर केसमधल्या क्लचच्या पाट्या एकमेकींवर घासत राहतात, तेल तापून काळं होतं. वळणावरची कटकट त्याचीच. दोनच चाकांवर चालणाऱ्या गाडीला हे चाललं असतं, हिला नाही. तुम्ही तेल बदललंत, पुढच्यासाठी मागच्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे दोन टायर आणायला सांगितलेत आणि मजुरीसकट २,२०० रुपये घेतलेत. मी तीन हजार देत होतो तर वरचे पैसे परत माझ्या खिशात कोंबलेत.

आपल्या सराफा बाजारात रात्री खाऊगल्ली भरते ते सगळ्यांना माहीत आहे. पण दिवसा तिथं आजोबांबरोबर जायचो तेव्हाचं मला आठवतं. त्यांचा ठरलेला सराफ सोनं तोलताना काटा गिऱ्हाईकाकडे वळवायचा. बोलायचा काही नाही, नुसता वळवायचा. आजोबांनी आयुष्यात दुसरं दुकान बघितलं नाही. एसीतल्या त्या साहेबांकडे चाकं मोजायची भारीतली यंत्रं होती, पण त्यांचा पडदा शेवटपर्यंत त्यांच्याकडेच वळलेला. लबाडी होती की आळस, माहीत नाही. मला वाटतं आळसच, आणि आळसाचा राग मला जास्त येतो.

त्या दोन सुतळ्या आईनं दोऱ्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. नवे टायर आले त्या दिवशी तिनं नातवंडांना कामाला लावून चारही चाकं पुन्हा मोजवली. आता पुढची दोन पाव बोट जास्त भरतात. मी म्हटलं, मागचे तीन महिने जुने आहेत, एवढं असायचंच. तिला ते पटलेलं नाही. रविवारी तुम्ही बारापर्यंत असता ना? ती सुतळ्या घेऊन येणार आहे.

आपला,
हत्तीवाला, रामबाग, इंदूर