पायऱ्यांना कठडा कुठल्या बाजूला आहे, हे लिहून ठेवणाऱ्यास

सप्रेम नमस्कार.

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. नकाशातल्या बदलांच्या इतिहासात तुमचं टोपणनाव दिसतं, पण तेही इथे लिहीत नाही. उघड्या पत्रात कुणाला न विचारता पुढे आणणं बरं नाही. ओपनस्ट्रीटमॅप या, लोकांनीच मिळून भरलेल्या मोफत ऑनलाइन नकाशात तुम्ही डोंगरवाटा आणि सायकलवाटा भरता, आणि त्याच वाटांवर आमचं घर हिंडतं. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते.

पहिले आभार पायऱ्यांचे. आईच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिचं फिरणं सपाट रस्त्यापुरतं उरलं. तिला ओढ डोंगराची. टेकडीमागच्या तळ्यापर्यंतची वाट तिला जमेल असं वाटत होतं, पण मधे पायऱ्या आहेत एवढंच आम्ही ऐकून होतो. किती, कशा, धरायला काही आहे का, हे कुणालाच नीट सांगता येईना. ज्याला विचारावं तो म्हणे, ‘असतील थोड्या.’ मग नकाशात त्या रेघेवर बोट ठेवलं आणि तुमची नोंद उघडली: पायऱ्या ६४, दगडी, चढताना उजव्या हाताला कठडा, वरच्या टोकाला बाक.

चढताना उजवीकडे म्हणजे उतरताना डावीकडे. डावा गुडघा दुखरा म्हणून आईची काठी उजव्या हातात असते आणि डावा हात मोकळा राहतो. म्हणजे ज्या उताराची आम्हाला धास्ती होती, नेमका तिथेच तिच्या मोकळ्या हाताला कठडा मिळणार होता. हे सगळं घरात बसून कळलं आणि जायचं ठरलं. आईनं चढताना पायऱ्या मोठ्यानं मोजल्या. शेवटच्या पायरीवर ६४ भरल्या तेव्हा ती वळून म्हणाली, “ज्यानं लिहिलंय त्यानं स्वतः मोजल्यात गं.” मग बाकावर बसून तिनं मला तुमच्याबद्दल इतकं काही विचारलं, की तुम्ही आमचे कुणी नातेवाईक असावेत. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

तिचं म्हणणं मात्र खरं होतं. घरबसल्या उपग्रहाचं चित्र पाहून रेघ ओढता येते, आणि ज्या मुलखाचा नकाशाच नाही तिथे तशी रेघही मोलाची असते. पण झाडीखालचा कठडा त्या चित्रात दिसत नाही. पायऱ्या मोजायला पायऱ्यांवरच जावं लागतं. ब्रिटनमध्ये २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला, तेव्हापासून त्याचा पायाच हा आहे: जो जिथे वावरतो त्यानं तिथलं भरावं, आणि भरलेलं सगळ्यांना मोकळेपणानं वापरता यावं.

त्याच्या थोडं आधी हे शक्यही नव्हतं. मे २००० पर्यंत नागरिकांना मिळणाऱ्या जीपीएस संदेशात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. जागा सुमारे १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. ओढ्याच्या अलीकडची वाट पलीकडे दिसली तर ती नकाशात भरून उपयोग काय? ती चूक मिसळणं थांबलं आणि साध्या माणसाच्या खिशातल्या यंत्रानं काढलेला माग विश्वासाचा झाला.

उंचीचं तसं नाही. आपण वापरतो त्या बऱ्याचशा मोफत नकाशांतल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, फेब्रुवारी २००० मधल्या एका अंतराळ मोहिमेतून आल्या आहेत. एन्डेव्हर यानानं ११ दिवसांत पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची रडारनं मोजली. काम थक्क करणारं आहे, पण त्या माहितीतले बिंदू जवळपास ३० मीटरच्या अंतरानं आहेत. मधला आठ-दहा मीटरचा कातळटप्पा त्यात सहज विरघळून जातो. रेषा सांगतात की चढ सौम्य आहे, आणि समोर मात्र सरळ भिंत उभी असते. म्हणून खिंडीखालच्या वाटेवर तुम्ही स्विस अल्पाइन क्लबची, वाट पायी किती अवघड हे सांगणारी श्रेणी नोंदवलीत, त्याचं मोल मला फार वाटतं. टी१ म्हणजे रुंद, सोपी वाट आणि टी६ म्हणजे अतिशय अवघड. तुम्ही त्या वाटेचे दोन तुकडे केलेत: खालचा टी२, वरचा टी४, म्हणजे जिथे काही ठिकाणी हात लावून चढावं लागतं तो. अख्ख्या वाटेला एकच श्रेणी देऊन मोकळं होणारे पुष्कळ असतात. तुमच्यामुळे आम्ही आईला टी२च्या शेवटापर्यंत नेतो. तिथून दरी छान दिसते, आणि पुढे जाता येत नाही याची तिला खंत राहत नाही, कारण निघतानाच ते ठरलेलं असतं.

आता सायकलींबद्दल. माझा धाकटा भाऊ जाड टायरची, शॉक-अपवाली सायकल घेऊन उतारांवर जातो. मला लांबच लांब कच्चे रस्ते आवडतात आणि माझे टायर त्यामानानं बारीक. आम्हा दोघांना एकच वाट क्वचित चालते. बऱ्याच नकाशांत डांबर संपलं की सगळं ‘कच्चं’. तुमच्या नोंदींत दाबून पक्का केलेला मुरूम वेगळा, बारीक खडी वेगळी आणि रुळांखाली असते तसली टोकदार जाड खडी वेगळी. पहिल्यावर मी दिवसभर आनंदानं जाते, तिसऱ्यावर हँडल हातात राहत नाही. भावासाठी तुम्ही सिंगलट्रेलची, म्हणजे अरुंद वाट सायकलला किती अवघड हे सांगणारी श्रेणी भरलीत. एस० म्हणजे विशेष अडथळा नसलेली वाट, एस१ला लहान मुळं आणि दगड, एस२ला मोठे दगड आणि पायरीसारखे टप्पे, आणि असं वर एस५पर्यंत. तो घरातून निघण्याआधी आता हे आकडे बघतो. पूर्वी व्हिडिओ बघायचा. व्हिडिओत कुठलाही उतार असतो त्याहून सपाट दिसतो, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. तुमच्या एका आकड्यानं ते त्याला पटलं.

पण सगळ्यात मोठे आभार मला वेगळ्याच गोष्टीसाठी मानायचे आहेत. पठाराकडे चढणाऱ्या नागमोडी वाटेवर वळणं तोडून सरळ वर जाणारी एक आडवाट पडली होती. तुम्ही ती नकाशात ‘जाण्यास बंद’ अशी नोंदवलीत आणि शेजारी कारण लिहिलंत: माती वाहून जात आहे, मूळ वाट सुस्थितीत आहे.

वळणं उगीच काढलेली नसतात. वळणावळणानं जाणाऱ्या वाटेवर पाण्याला वेग येत नाही, ते कडेला निघून जातं. सरळ उताराच्या वाटेवर पाय पडून गवत गेलं की पाऊस तीच वाट धरतो. तिची घळ होते, घळीत पाय ठरेना म्हणून माणसं तिच्या कडेनं चालतात, मग कडाही ढासळतात. शेवटी खालची चांगली वाटही दगडमातीखाली जाते. अशा ठिकाणी रेघ पुसून टाकावी असं कुणालाही वाटेल. तुम्ही पुसली नाहीत. पुसली असती तर पुढच्यानं प्रत्यक्ष वाट पाहून ‘ही राहिली वाटतं’ म्हणत परत भरली असती. बंद असल्याची खूण राहिली म्हणून मार्ग शोधून देणारी ॲपंही ती वाट टाळतात आणि भरणाऱ्यालाही कारण कळतं. इतका पुढचा विचार करणारा माणूस नकाशामागे आहे, हे त्या नोंदीवरून मला पहिल्यांदा समजलं.

स्ट्राव्हा या धावणं-सायकलिंग नोंदवणाऱ्या ॲपच्या हीटमॅपसारख्या साधनांत नेमकी हीच गोष्ट सापडत नाही. लोक कुठून जातात हे त्यात झळाळून दिसतं आणि नवी वाट हुडकताना त्याचा उपयोगही होतो, मीही बघते. पण बंद केलेली आडवाटही त्यात तितकीच उजळ दिसते. तिथून जावं की नाही, हे सांगायला जाणतं माणूसच लागतं.

तुमच्या रेघा किती ठिकाणी पोचतात याची तुम्हाला कल्पना असेलच, तरी आमच्या घरातलं सांगते. लांब पल्ल्याच्या खुणा केलेल्या वाटा आम्ही वेमार्क्ड ट्रेल्सवर पाहतो. सायकलसाठी सायक्लओएसएम, चढउतारासाठी ओपनटोपोमॅप. फोनमध्ये ऑरगॅनिक मॅप्स आहे, कारण त्यात नकाशा आधीच उतरवून ठेवला की डोंगरात नेटवर्क गेलं तरी अडत नाही. ही चारही ठिकाणं ओपनस्ट्रीटमॅपच्याच माहितीवर चालतात. तुम्ही एकदा लिहिलेला कठडा सगळीकडे उपलब्ध होतो. कुठे दाखवायचा, कुठे नाही, एवढंच ज्याचं त्याचं.

वेळेचा अंदाजही तुमच्यामुळेच जुळतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली सांगितलेला हिशोब आम्ही अजून धरतो: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. दहा किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास, विश्रांती वेगळी. आई बरोबर असली की दुप्पट धरायचे. पण हा हिशोब नकाशातलं अंतर खरं असेल तरच लागतो. वळणं न दाखवता सरळ रेघ मारली की अंतर कमी भरतं आणि अंधार वाटेत गाठतो. तुम्ही एकेक वळण काढलं आहे. त्या पठाराच्या वाटेवर मी रेघ मोठी करून पाहिली, तर वळणावर ती किती रुंद फिरते तेही बरोबर आहे.

पाण्याच्या जागांपुढे ‘हंगामी’ असं लिहिता, त्याबद्दलही मनापासून आभार. कोरड्या झऱ्याच्या भरवशावर चढणारा माणूस तुमच्यामुळे घरूनच जास्त पाणी घेऊन निघतो.

एक विनंती आहे. तळ्याच्या पलीकडच्या ओढ्यावर लाकडी साकव आहे. नकाशात तो दिसतो, पण रुंदी आणि पृष्ठभाग भरलेला नाही. परवा भाऊ म्हणाला की मधली फळी हलते आणि सायकल हातात धरून न्यावी लागते. मीही आता खातं उघडलं आहे. पाऊस ओसरला की टेप घेऊन जाईन आणि रुंदी मोजून भरीन. सायकलवरून उतरून जावं लागतं हेही नोंदवीन. तिथे दुसरं काही पाहून यायला हवं असेल तर साकवावर टीप ठेवा, मी वाचीन. फळी तोवर बदलली गेली तर तसं लिहीन. आणि आईचा निरोप: पायऱ्यांच्या खालच्या टोकालाही एक बाक आहे, तो तुमच्या नोंदीत नाही. तो भरायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आहे, तुम्ही भरू नका.

आपली,
तुमच्या वाटांवरून चालणारी एक वाटसरू