सूचना : थर्टी फर्स्ट, गाडी आणि नाकाबंदी

सर्व सभासदांना नमस्कार.

थर्टी फर्स्टला रात्री नाकाबंदी असते, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. “एकच बिअर घेतली होती” हे तिथे चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. दुचाकीलाही हेच लागू. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास १५,००० रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे प्रकरण चौकात पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जातं. त्यामुळे ओळखीच्या साहेबांना फोन लावत बसू नका. मशीनमध्ये फुंकायला नकार दिलात तर रक्ततपासणी होऊ शकते, शिवाय तो नकार कोर्टात तुमच्याच विरुद्ध जातो. बडीशेप, च्युइंगमने फार तर वास लपेल.

गच्चीवरच्या कार्यक्रमानंतर ज्यांनी घेतली असेल त्यांनी पाहुण्यांना सोडायला गाडी काढू नये. रिक्षा किंवा कॅब बोलवावी. पाहुण्यांची गाडी रात्रभर आत राहणार असेल तर नंबर वॉचमनकडे लिहून द्या. त्या रात्रीचं पार्किंग शुल्क घेणार नाही.

– सचिव