आई-बाबांना, भंडारदऱ्याच्या त्या रात्रीबद्दल

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर, आम्ही मुलांसकट विजांच्या वादळात सापडलो होतो हे सांगितल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "झाडाखाली होतात का?" मी नाही म्हटलं आणि त्यांनी फोन आईकडे दिला. आई, तू म्हणालीस की आता पुन्हा पोरांना घेऊन असल्या रानावनात जायचं नाही. तेव्हा रेंज सारखी जात होती, मागे धाकटा भुकेला झाला होता, मला धड काही सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र. सगळं सांगते, काहीही हातचं न राखता. वाचून झाल्यावर काय रागवायचं ते रागवा.

आम्ही गेलो होतो काजवे बघायला. मे संपत आला की पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदऱ्याच्या रानात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही झाडंच्या झाडं लुकलुकतात. थोरलीच्या डोक्यात ते गेल्या वर्षापासून होतं. धरणाच्या पाण्याकाठी तंबू मिळतात, रात्रीचं जेवण मिळतं, दुसऱ्या दिवशी झेपेल तेवढं कळसूबाई चढायचं, असा बेत होता.

तंबू लावणाऱ्यांवर मात्र माझा अजूनही राग आहे. पाण्यापासून हाताच्या अंतरावर, भुसभुशीत मातीत खुंट्या ठोकलेल्या. काजव्यांना लागतो गडद काळोख, आणि तंबूवाल्यांनी मोठाले दिवे लावून वर स्पीकरही आणलेला. दुपारी चारनंतर रतनगडाच्या बाजूने आभाळ भरून यायला लागलं. यांच्या फोनवर दामिनी आहे, आपल्या पुण्याच्या हवामान संस्थेने काढलेलं विजेची सूचना देणारं ॲप. ते लाल दाखवायला लागलं तसे हे तिथल्या माणसाकडे गेले. तो म्हणाला, "इथं रोजच असं होतं साहेब, जातं निघून." बाबा, मला तुमचं बोलणं आठवलं. वीज कंपनीत लाइनवर काढलेल्या सगळ्या वर्षांत तुम्ही एकदाही वळवाला 'जाईल निघून' म्हणाला नाहीत. आम्ही सामान उचललं आणि गाडीत नेऊन टाकलं.

वारा आला तो एकदम. आधी धूळ, मग थेंब, मग काही दिसेनाच. आमच्या शेजारच्या तंबूची काठी काडकन मोडली आणि अख्खा तंबू गोळा होऊन पाण्याकडे घसरत गेला. नशिबाने त्यात कोणी नव्हतं. उघडं मैदान, समोर पाणी, आणि विजा अशा की डोळे मिटले तरी पापण्यांतून उजेड यावा. आम्ही चौघं गाडीत बसलो, काचा पूर्ण वर केल्या, मुलांना दाराला आणि कडीला हात लावायचा नाही असं बजावलं. टायर रबराचे म्हणून गाडीत वीज बाधत नाही असं लोक समजतात; खरं म्हणजे पत्र्याची बॉडी वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत नेते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. थोरलीने ते धाकट्याला जसंच्या तसं सांगितलं. तुमचं नाव घेऊन सांगितलं, "आजोबा म्हणतात," म्हणून.

धाकटा थरथरत होता. त्याने मला विचारलं, "आई, आपण मरणार का?" मी त्याला 'काही झालं नाही, घाबरू नकोस' असं म्हणू शकले नाही. काही झालं नाही हे खोटं होतं आणि ते त्याला खिडकीतून दिसत होतं. मी म्हटलं, वीज खूप जवळ पडते आहे, आणि आपण इथली त्यातल्या त्यात सुरक्षित जागा धरून बसलो आहोत, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग त्याला काम दिलं. वीज चमकली की मोजायला लाग, गडगडलं की थांब, आणि आकड्याला तीनने भाग. तेवढे किलोमीटर वीज लांब. पहिल्यांदा तो दोनपर्यंत गेला आणि आभाळ फाटल्यासारखा आवाज आला. तो मला घट्ट चिकटला, पण पुढच्या चमकेला ओठ हलत होते. तीन. पुन्हा दोन. मग पाच. नऊ आल्यावर तो स्वतःहून म्हणाला, "तीन किलोमीटर. चालली ती." आवाज रडवेलाच होता, पण हिशोब बरोबर होता.

आई, हे मी कुठे शिकले ते तुला सांगायला नको. वळीव आला की बाबा सायकलला शिडी बांधून निघायचे, घरात काळोख, आणि तू आम्हा भावंडांना कधी उगी राहा म्हणाली नाहीस. एकाला चिमणीची काच पुसायला बसवायचीस, एकाला गळतीखाली पातेली लावायला, मला शेंगा फोडायला. तुझ्या मनात तेव्हा काय चाललेलं असेल ते मला त्या गाडीत बसल्यावर कळलं. आंबा घाटात एसटी बंद पडली होती तेव्हाही तू हेच केलंस. गणपतीपुळ्याला जाण्यापेक्षा त्या घाटात सगळ्या गाडीने मिळून म्हटलेल्या भेंड्या आम्हाला जास्त आठवतात. लोक म्हणतात, संकटात हसतमुख राहावं. तू कुठे हसत होतीस? तू हातात काम द्यायचीस, आणि खरं सांगायचीस. मला वाटतं भीतीला एवढंच पुरतं.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आम्ही गाडीतच बसून राहिलो, तो तुमचा नियमही पाळला. पाऊस चालूच होता. तेवढ्यात बॅटरी हलवत एक वयस्कर गृहस्थ आले, डोक्यावर गोणपाटाची खोळ. काचेवर टकटक करून म्हणाले, "पोरंबाळं घेऊन रातभर गाडीत का बसता? घर हाय ना." महादेव कोळी समाजाचं कुटुंब, वाडीच्या कडेला घर. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे पत्र्याची पडवी.

पडवी होती म्हणायला हवं. वाऱ्याने तिचे दोन पत्रे उचलून शेजारच्या खाचरात नेऊन टाकले होते, आणि खाली भरून ठेवलेल्या बाळहिरड्याच्या गोण्या भिजत होत्या. आई, तू बाळगुटीत सहाणेवर उगाळायचीस तोच हिरडा. मार्चपासून ही माणसं झाडावरचा कोवळा हिरडा काढतात, अंगणात वाळवतात, तो काळा, सुरकुतलेला, खडखडीत झाला की विकतात. पावसाळ्यात बी-बियाण्याला आणि किराणाला घरात जो रोख पैसा येतो, त्यात हिरड्याचा वाटा मोठा. भिजला की त्याला बुरशी धरते आणि भाव पडतो. त्यांच्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि माझ्या डोक्यातला तंबू, जेवण, बुडालेले पैसे, सगळं एका क्षणात निघून गेलं.

घरातल्या बाईंनी आधी चहा टाकला. पडवीचे पत्रे गेलेले, आणि त्या चुलीपुढे बसून माझ्या मुलांचे केस पदराने पुसत होत्या. मी त्यांना म्हटलं, चहा नंतर, आधी गोण्या आत घेऊ. हे आणि ते गृहस्थ गोण्या ओढत होते. बाईंनी आतल्या सारवलेल्या जमिनीवर गोधड्या अंथरल्या, मी गोण्या उपड्या केल्या, आणि मुलं उकिडवी बसून हिरडा निवडायला लागली. भिजलेला एकीकडे, सुका एकीकडे. भिजलेला हाताला बुळबुळीत लागतो, सुका एकमेकांवर आपटला की वाजतो. धाकटा प्रत्येक मूठ कानाशी नेऊन हलवून बघायचा आणि मगच ढीग ठरवायचा. बोटं पिवळट-काळी झाली. थोरली त्या घरातल्या, तिच्याच वयाच्या मुलीशी शाळेच्या गप्पा मारत होती. कधी तरी मध्येच मला जाणवलं की पाऊस अजून पडतो आहे आणि घरात कोणीच घाबरलेलं नाही.

मग नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचलेली लाल मिरची. नागली म्हणजे आपली नाचणीच. धाकट्याने, जो माझ्याकडे भाकरी बघून तोंड फिरवतो, त्याने चुलीपुढे बसून पोटभर खाल्लं. आम्ही तिथेच चुलीच्या उबेला गोधडीवर आडवे झालो.

काजवे दिसले का, तर झाडभर नाही दिसले. पाऊस थांबल्यावर त्या मुलीने थोरलीला मागच्या जांभळीपाशी नेलं, तिथे थोडे होते, ओल्या पानांच्या खालून मिणमिणणारे. तिने सांगितलं की जे उडत लुकलुकतात ते नर, मादीला खुणावण्यासाठी. तिला हे कोणी शिकवलं असं थोरलीने विचारलं तर ती म्हणाली, "रोज बघते की."

सकाळी आभाळ धुतल्यासारखं झालं. कळसूबाई एवढी जवळ दिसत होती की वाटावं हात लावावा. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि त्या वाटेवर कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. रात्रभर भिजलेल्या कातळावर आणि शिड्यांवर मुलांना चढवायचं नाही हे आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघताच ठरवलं. थोरली हिरमुसली, तिला तसं होऊ दिलं. मग आम्ही पत्रे खाचरातून उचलून आणले, यांनी आणि त्यांच्या मुलाने ते तारेने बांधले, आणि आम्ही बायका-पोरांनी हिरडा अंगणात उन्हात पसरला. बराचसा वाचला. सगळा नाही. बाईंनी वाईट झालेला ढीग बाजूला सारला आणि म्हणाल्या, "गेला त्यो गेला, ऱ्हायला त्यो वाळवू." त्यांच्या बोलण्यात धीर होता आणि डोळ्यांत पाणीही होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

निघताना रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घेतलं. इतकं कोरीव काम मी आधी जवळून बघितलं नव्हतं. प्रवरा तिथल्याच डोंगरात उगम पावते, आणि तिच्यावरच १९२६ मध्ये पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण.

तंबूवाल्यांनी पैसे परत करायला नकार दिला. हे भांडणार होते, मी म्हटलं लेखी तक्रार करू आणि ती आम्ही केली आहे. पैशापेक्षा मला पुढच्या लोकांची काळजी आहे. पाण्याकाठी, उघड्यावर, लाल सूचना आलेली असताना मुलाबाळांना तंबूत बसवून ठेवणं याला धंदा म्हणत नाहीत.

मुलांचं म्हणाल तर धाकटा अजून रात्री एकदा उठतो, आणि ढग वाजले की मोजतो. ती भीती जाईल किंवा थोडी राहील. परवा शेजारच्या मुलाला तो ट्रिपबद्दल सांगत होता, तर विजेवर दोन वाक्यं आणि हिरड्यावर दहा मिनिटं. सुका कसा ओळखायचा ते त्याने हाताने करून दाखवलं.

म्हणून बाबा, आम्ही पुन्हा जाणार आहोत. उघड्यावरच्या तंबूत वळवाच्या दिवसांत नाही, हे कबूल. पण जाणार त्याच घरी. एक जाड ताडपत्री घेतली आहे, पडवीला पुरेल एवढी. यंदा पावसाआधी हे एकटे जाऊन देऊन येतील. आणि दिवाळीच्या सुट्टीत, भाताची कापणी चालू असेल तेव्हा, तुम्ही दोघांनी आमच्याबरोबर यावं अशी माझी फार इच्छा आहे. गाडी थेट दारापर्यंत जाते, आईच्या गुडघ्यांना एक पायरीही चढावी लागणार नाही. त्या घरातली वायरिंग मी बघितली, मीटरपासून पडवीपर्यंत नुसत्या चिकटपट्ट्या गुंडाळल्या आहेत आणि अर्थिंगचा पत्ता नाही. त्या गृहस्थांना मी सांगून आले आहे की माझे वडील येऊन बघतील. तुमचं टेस्टर आणि पक्कड बरोबर घ्या, वायर कोणत्या मापाची आणि किती लागेल ते मला फोनवर सांगा. तारीख तुम्ही कळवा, मी रजा टाकते.

आईची रक्तदाबाची गोळी वेळेवर. मुलांचा नमस्कार.

तुमची,
लेक