युद्धावरून परतलेल्या आपल्या माणसांसाठी : तालुक्यातील सर्व बंधुभगिनींना आवाहन

स. न. वि. वि.

आपल्या तालुक्याच्या माजी सैनिक मंडळाची नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. एस. टी. स्टँडमागची पत्र्याची इमारत, तिच्यापुढचा हुतात्मा स्तंभ आणि पहाटे शाळेच्या मैदानावर भरतीच्या मुलांना पळवणारे आपले निवृत्त हवालदार हे सर्वांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. इमारतीची जागा ज्या सुभेदारसाहेबांनी स्वतःच्या वाटणीतून काढून दिली, त्यांनी पाटीवर आपले नाव घालू नये अशी अट घातली होती आणि ती आजवर पाळली गेली आहे. पहिले पत्रे व लोखंडी कैच्या मुंबईतील आपल्या माथाडी बांधवांनी एका दिवसाची मजुरी बाजूला काढून पाठवल्या होत्या. हायस्कूलच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आजही पेन्शन जमा झाली की स्वतः चालत येतात, पावती फाडून घेतात आणि चहाही न घेता जातात. बाजारपेठेतील भुसार व्यापाऱ्यांनी भरतीच्या मुलांच्या शेंगदाणे-गुळाचा खर्च वर्षानुवर्षे उचलला आहे. वीरनारींच्या पेन्शनची रखडलेली प्रकरणे मार्गी लावणे असो किंवा २०१९ च्या महापुरात सांगलीकडे होड्या व धान्य घेऊन जाणे असो, मंडळाने जे काही केले ते या मंडळींच्या जिवावर केले, याचा आम्हांला अभिमान आहे आणि तो सांगताना संकोच वाटत नाही.

युद्धाचा मनावर झालेला घाव सोसणाऱ्या माजी सैनिकांना आधार देण्याच्या ज्या कामासाठी आज आपल्यासमोर हात पसरत आहोत, ते २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झाले. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा आपले काही सभासद मदतीला गेले होते. चिखलातून माणसे काढण्याचे काम त्यांनी न बोलता केले आणि परत आल्यावर त्यांच्यापैकी काहींची झोप उडाली. सुरुवातीला दरडीचाच परिणाम असेल असे सर्वांना वाटले. मात्र मंडळात बसून ते बोलू लागले, तेव्हा बोलणे दरडीवर थांबले नाही. एक जण १९८७ च्या श्रीलंकेतील जाफन्याला जाऊन पोहोचला, दुसरा १९९९ च्या कारगिल युद्धातील द्रासला, आणि तिसरा राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना काश्मीरमधील कुपवाड्याच्या जंगलात घालवलेल्या एका रात्रीला. घरच्या माणसांनी यातले काहीही पूर्वी ऐकलेले नव्हते. त्या बैठकीतून दर पंधरवड्याची 'गाठभेट' सुरू झाली आणि ती आजतागायत चालू आहे.

लढाई पाहिलेला प्रत्येक माणूस आतून मोडतो, असा याचा अर्थ कोणीही काढू नये. बहुतेक जण परत येतात, शेती करतात, मुलांची लग्ने लावतात आणि शांत झोपतात. ज्यांना तसे जमत नाही, त्यांची लक्षणे मात्र आश्चर्य वाटावे इतकी सारखी असतात. श्रीलंकेत भारतीय शांतिसेनेबरोबर गेलेले आपले एक ज्येष्ठ सभासद आजही रस्त्याच्या कडेच्या मातीवर पाय ठेवत नाहीत, कारण तिकडे सुरुंग कच्च्या वाटेत आणि मोऱ्यांखाली पेरलेले असत. ते डांबराच्या मधोमध चालतात आणि उसाचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून त्यांना वाट्टेल ते बोलून जातात. दुसऱ्या एका घरातील ताई आपल्या यजमानांना हात लावून कधीच उठवत नाहीत. दाराच्या चौकटीत उभ्या राहून त्या 'उस्ताद' अशी हाक मारतात आणि ते उठून बसल्यावरच चहाचा कप पुढे करतात. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नाही, पहिल्या वर्षी गळ्यावर आलेल्या पकडीतून त्या स्वतःच शिकल्या. दिवाळीत सुतळी बॉम्ब सुरू झाले की भाकरी बांधून डोंगराकडच्या वस्तीवर निघून जाणारे तर एकाहून अधिक आहेत.

आणखी एक गोष्ट आम्हांलाही उशिरा लक्षात आली. बँकेत किंवा कारखान्यावर सुरक्षारक्षक म्हणून लागलेले आपले अनेक बांधव रात्रपाळी मागून घेतात. लोकांना त्यात फौजी शिस्त दिसते. त्यांच्यातील काहींना मुळात रात्री झोपच येत नाही, आणि दाराकडे तोंड करून जागे बसण्याचे पैसे मिळतात म्हणून ती गोष्ट झाकली जाते. पलटणीत असेपर्यंत असे पुष्कळ काही झाकले जाते. तिथे सकाळच्या पीटीपासून रात्रीच्या गिनतीपर्यंत दिवस बांधलेला असतो आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला न सांगताही कळते. पस्तिशी-चाळिशीत डिस्चार्ज घेऊन माणूस गावी येतो, तेव्हा ती चौकट एका दिवसात निघून जाते आणि दडपून ठेवलेले वर येते. त्यामुळे युद्ध संपून दहा-दहा वर्षे झाल्यावर त्रास का सुरू झाला, या घरच्यांच्या प्रश्नात चुकीचे काही नाही. तो असाच सुरू होतो.

हे दुखणे आजकालचे नाही. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी आजच्या इराकमधील कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर कैदेत गेल्या. त्याच काळात युरोपातील खंदकांतून आलेल्या सैनिकांच्या थरथरण्याला डॉक्टरांनी 'शेल शॉक' म्हणायला सुरुवात केली होती. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी लावून धरल्यावर १९८० मध्ये या विकाराची 'पीटीएसडी' (आघातानंतरचा मानसिक ताण-विकार) या नावाने अधिकृत नोंद झाली. आपल्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावात त्या पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांची नोंद असलेला दगड उभा आहे आणि आपण मुलांना तो अभिमानाने दाखवतो. त्याच लढायांतून परत आलेले आजोबा-पणजोबा ओसरीच्या कोपऱ्यात गप्प का बसत, हे मात्र त्या काळी कोणी विचारले नाही. फार तर देवऋषाकडे नेले, अंगारा लावला आणि बाहेरचे काहीतरी झाले असे म्हणून सोडून दिले. आजही काही घरांत तेच चालते.

श्रीलंकेहून आलेल्यांचे दुखणे त्यात आणखी वेगळे. १९८७ ते १९९० या काळात तिथे आपले अकराशेहून अधिक जवान धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पण त्या मोहिमेतील शेवटच्या तुकड्या १९९० मध्ये चेन्नईला उतरल्या, तेव्हा तिथले तत्कालीन मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. आपण कशासाठी लढलो, याचे उत्तर ज्याला मायदेशाच्या बंदरावरही मिळत नाही, त्याच्या मनातली जखम भरायला जास्त वेळ लागतो, हे गाठभेटीत आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. कारगिलच्या वेळी देशाने जवानांना डोक्यावर घेतले, त्याचा त्यांना आधार झाला. तरीही आपल्या जागी ड्यूटीवर गेलेला मित्र परत आला नाही, हे ओझे सत्काराच्या शालीने हलके होत नाही.

गाठभेटीला येणारे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर हे सर्व समजावून सांगतात ते थोडक्यात असे. जीव वाचवण्यासाठी शरीर ज्या तयारीत राहायला शिकले, ती तयारी धोका टळल्यावरही उतरत नाही. घडलेला प्रसंग मागे पडत नाही आणि एखादा आवाज किंवा जळक्या डिझेलचा वास आला की आत्ता घडत असल्यासारखा समोर उभा राहतो. माणूस मग त्या आठवणीच्या वाटेलाच जायचे टाळतो आणि टाळल्यामुळे ती अधिक घट्ट होते. कॅन्टीनच्या दारूच्या बाटलीने पहिले काही दिवस झोप लागते, पुढे तीच झोप खराब करते. उपाय आहेत आणि ते अनुभवाने सिद्ध झालेले आहेत. प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने तो प्रसंग क्रमाने, पुन्हा पुन्हा सांगायचा, टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने परत जायचे आणि गरज असेल तिथे औषधे घ्यायची. वर उल्लेख केलेले आमचे ज्येष्ठ सभासद समुपदेशकाबरोबर दिवसाउजेडी डांबराच्या कडेला चालायला लागले, मग मातीवर एक पाऊल, मग दहा. आता ते कडेच्या वाटेने शाळेपर्यंत येतात. शाळेपुढच्या मोरीवरून अजून जात नाहीत, पण जातील असे डॉक्टर म्हणतात. कोणाला वारीत दिंडीबरोबर चालल्याने बरे वाटते, कोणाला भरतीच्या मुलांना शिकवल्याने. त्याचे महत्त्व आम्ही कमी मानत नाही, मात्र ते उपचाराच्या जोडीला हवे.

सरकारी सोयी नाहीत काय, असा प्रश्न दर वेळी विचारला जातो. आहेत. पेन्शनरांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, पुण्याला कमांड हॉस्पिटल आहे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. ज्यांना यातले काही उपयोगी पडेल त्यांना आम्ही तिकडे पाठवतोच. अडचण पुढची आहे. जवानाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षे नोकरी व्हावी लागते. त्याआधी जो अपंगत्व पेन्शनशिवाय घरी आला, तो पेन्शनर नाही आणि म्हणून ईसीएचएसमध्येही नाही. मन ठिकाणावर नसल्यामुळे, दारूपायी किंवा भांडणापायी ज्यांची नोकरी मध्येच सुटली, ते नेमके या गटात येतात. जे पात्र आहेत, त्यांनाही भीती वाटते. नोकरीत असताना मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीचा दर्जा) उतरेल आणि बढती अडेल म्हणून गप्प बसण्याची सवय लागलेली असते. पुढे बंदुकीचा परवाना जाईल आणि गार्डची नोकरी जाईल म्हणून तीच सवय चालू राहते. त्यामुळे ओळखीच्या माणसाने घरापर्यंत जाऊन, चहा घेऊन, हळूच विषय काढण्याला पर्याय नाही. ते काम मंडळ करते.

आता थोडे मनातले. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला आम्हांला पहिल्या रांगेत बसवले जाते, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. स्वागत कमानीसाठी आवाहन केले तेव्हा आठवडाभरात पैसे जमले आणि कमान उभीही राहिली. गाठभेटीसाठी मागील वर्षी तसेच आवाहन त्याच गावांत वाटले, तेव्हा अनेकांनी ते नीट घडी घालून परत दिले. फौजी माणसाला असले काही होत नसते, असे एका जबाबदार गृहस्थांनी तोंडावर सांगितले. आणखी एका देणगीदारांना धनादेश देताना 'पेशंट'बरोबर फोटो हवा होता. आम्ही तो धनादेश नम्रपणे नाकारला आणि पुढेही नाकारू. गाठभेटीला येणाऱ्यांची नावे कोणत्याही वहीत लिहिली जात नाहीत आणि ती देणगीदारांना, नातेवाइकांना किंवा पत्रकारांना सांगितली जाणार नाहीत. याची नोंद कृपया सर्वांनी घ्यावी.

गरज काय आहे ते सांगतो. सध्या गाठभेट पत्र्याच्या हॉलमध्ये भरते. पावसाची सर आली किंवा वानरांनी पत्र्यावर उडी मारली की निम्मी माणसे उठून उभी राहतात आणि ताळ्यावर आलेले बोलणे तिथेच तुटते. त्यासाठी मागच्या बाजूला स्लॅबची, जाड भिंतींची, दोन दारांची एक खोली बांधायची आहे. दोन दारे यासाठी की बाहेर पडायची वाट दिसल्याशिवाय काही जण आत बसूच शकत नाहीत. आजवर केवळ पेट्रोलच्या खर्चात येणाऱ्या डॉक्टरांना यापुढे तसे बोलावणे आम्हांला योग्य वाटत नाही. समुपदेशकही आठवड्यातून दोन दिवस हवा, आणि त्यांतला एक दिवस फक्त घरातील बायकांसाठी ठेवायचा आहे. त्या इतकी वर्षे हे सगळे एकट्याने सांभाळत आल्या आहेत.

तपशील : खोली ३,५०,००० रुपये, समुपदेशकाचे वर्षाचे मानधन १,८०,०००, डॉक्टरांचे ६०,०००, पुण्याचा प्रवास व पेन्शन नसलेल्यांची औषधे ५०,०००, एकूण ६,४०,००० रुपये, पैकी १,१५,५०० जमा. देणगी कार्यालयात रोज सायंकाळी ५ ते ७ (सोमवार बंद) रोख, धनादेश किंवा क्यूआर कोडने द्यावी, खाते क्रमांक कार्यालयाच्या फळ्यावर व पावतीपुस्तकामागे आहे, गावोगावच्या प्रतिनिधींकडेही पावतीपुस्तके आहेत, पावतीशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत. परदेशातील भारतीय नागरिकांनी येथील स्वतःच्या बँक खात्यातूनच रक्कम पाठवावी, परकीय देणगी घेण्याची परवानगी मंडळाकडे नाही. सिमेंट, वाळू, विटा, पुण्याला नेण्यासाठी गाडी, मराठी बोलणारा प्रशिक्षित समुपदेशक यांपैकी काहीही चालेल. खडी क्रशरवाल्या मालकांनी सुरुंग उडवण्याची वेळ आदल्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर लिहून जावी, यासाठी त्यांना एक रुपयाही खर्च नाही. बांधकाम पावसाळ्यापूर्वी स्लॅबपर्यंत न्यायचे असल्याने विलंब करू नये, ही कळकळीची विनंती.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला नम्र,
चिटणीस,
कार्यकारिणीच्या वतीने

ता. क. : मागील वर्षीच्या देणगीच्या पावत्या ज्यांना पोहोचल्या नसतील, त्यांनी खजिनदारांना भेटावे. पुस्तक क्रमांक तीनची छपाई उशिरा झाल्याने काही पावत्या राहिल्या आहेत.