कॉम्प्रेसरच्या अनुदानाआधी एक स्टॉपवॉच: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

कारखान्याच्या मागच्या अंगाला, जिथे पाहुण्यांना सहसा कोणी नेत नाही, तिथे माझी सगळी नोकरी गेली. दाबाखालची हवा पुरवणारे कॉम्प्रेसर, बॉयलर, चिलर, कूलिंग टॉवर, पंप. या सगळ्याला आम्ही ‘युटिलिटी’ म्हणतो. जुने यंत्र काढून कमी वीज खाणारे नवे बसवले की अनुदान, अशा योजना निघतात. त्यांना माझा विरोध नाही. पण जुन्या यंत्राची हवा किंवा वाफ जात कुठे होती, हे अर्जात कोणी विचारत नाही.

एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात लाइनच्या शेवटच्या मशीनवर हवेचा दाब कमी पडतो, अशी तक्रार आली. आम्ही कॉम्प्रेसरचा दाब ७ बारवरून (बार हे दाबाचे एकक) साडेसात केला. आठवड्याने पुन्हा फोन, म्हणून ८. तरी भागेना, तेव्हा जादा कॉम्प्रेसरची मागणी वर गेली आणि मंजूरही झाली. फाउंडेशन खोदायच्या आधी एका फिटरने सहज त्या मशीनच्या तोंडाशी असलेला फिल्टर उघडला. आत तेल आणि गंजाचा गच्च चिखल. एलिमेंट बदलले आणि मशीन ६ बारवर सुरळीत चालू लागले. कॉम्प्रेसर मात्र पुढे कित्येक महिने ८ वरच चालत राहिला. खाली आणायला कोणी सांगितले नव्हते, आणि खरे सांगायचे तर स्वतःहून आणायची माझीही हिंमत झाली नाही.

दाब एक बार वाढवला की कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी वाढते. शिवाय भोक तेवढेच असले तरी त्यातून जास्त हवा निसटते. हे सगळे आम्हाला पाठ आहे. तरीही सेट पॉइंट, म्हणजे ठरवून ठेवलेला दाब, वरच राहतो, कारण दाब साडेपाचवर घसरला तर पाच मिनिटांत प्रॉडक्शनचा फोन येतो. ८ वर राहिला तर कधीच येत नाही.

स्टीम ट्रॅपची, म्हणजे वाफ अडवून फक्त साचलेले पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची, तीच कथा. ट्रॅप बंद अवस्थेत अडकला तर कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) साचते, माल नीट तापत नाही, ओरडा होतो आणि त्याच शिफ्टमध्ये दुरुस्ती होते. उघडा अडकला तर लाइव्ह स्टीम, म्हणजे न वापरलेली वाफ, सरळ कंडेन्सेटच्या लाइनमध्ये जाते, माल छान तापतो, सगळे खूश. तीन-चार वर्षे तपासणी झाली नसेल तर १५ ते ३० टक्के ट्रॅप निकामी निघू शकतात.

हवेचे दुखणे जास्त महाग. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के ऊर्जा हवेच्या रूपाने कामी येते, बाकी बहुतेक उष्णता होऊन जाते. देखभाल ढिली असेल तर तयार हवेचा २० ते ३० टक्के भाग गळतीत जाणे नवलाचे नाही. आणि याच हवेने आमची पोरे शिफ्ट सुटताना कपडे झटकतात.

गळती मोजायला महागडे उपकरण लागत नाही. उत्पादन बंद असताना हवेचे व्हॉल्व्ह उघडेच ठेवून एक कॉम्प्रेसर चालवायचा आणि तो किती वेळ लोडवर (हवा भरत), किती वेळ अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत) राहतो ते स्टॉपवॉचवर बघायचे. दोन मिनिटे लोड आणि सहा मिनिटे अनलोड, म्हणजे आठातली दोन. त्या कॉम्प्रेसरची पाव क्षमता भोकांच्या सेवेत.

माझे मागणे असे. नव्या कॉम्प्रेसरच्या अर्जासोबत या चाचणीची नोंद सक्तीची करा, आणि गळत्या बुजवल्यानंतरची दुसरी नोंदही मागा. पुष्कळदा त्यानंतर लहान यंत्र पुरते. गळतीच्या हिशेबाने घेतलेले मोठे यंत्र निम्मा वेळ अनलोडवर चालते, आणि स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवरही पूर्ण भाराच्या पाव ते एक तृतीयांश वीज खात राहतो. अनुदान देऊन आपण तेच विकत घेतो.

दुसरे, अनुदानातला काही वाटा मीटरसाठी राखून ठेवा. पेंट शॉप किती हवा घेते, वॉशिंग किती वाफ घेते, हे वेगवेगळे दिसू द्या. आज बिल सगळ्यांचे मिळून एक येते, त्यामुळे कोणी त्याला आपले म्हणत नाही. २०११ साली आलेले आणि २०१८ मध्ये सुधारलेले आयएसओ ५०००१ हे ऊर्जा व्यवस्थापनाचे मानक नेमके हेच मागते: आधीचा वापर किती, आता किती, कशाच्या प्रमाणात. मानक उत्तम आहे. फाइलमध्येही उत्तम दिसते.

आणि यंत्र बसवून वर्षभराने कोणीतरी येऊन बघावे. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते, म्हणून व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवतात. ती बसवून ५० हर्ट्झवरच, म्हणजे पूर्ण वेगाने, चालवलेली आणि पुढे डॅम्पर (हवा अडवणारी झडप) अर्धा बंद ठेवलेला, असे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिले आहे. अनुदान मिळाले होते.

पुढच्या उद्घाटनाला फीत कापून झाली की जरा मागच्या बाजूला या. कॉम्प्रेसर हाऊसमधल्या ऑपरेटरला विचारा, मागच्या सुट्टीच्या रात्री किती कॉम्प्रेसर चालू होते? तो लॉगबुक काढून दाखवेल.

आपला नम्र,
निवृत्तीला आलेला एक युटिलिटी इंजिनिअर