आरोग्यमंत्री साहेब, टेक्निकल (मूळ औषध) तेच आहे, फक्त फॉर्म्युलेशन बदललंय: नाशिकहून खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

साहेब, माझं दिंडोरी रोडला कृषी सेवा केंद्र आहे, म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाच्या गेटवरून रोजचं येणंजाणं. नॅनो हा शब्द मला काही नवीन नाही. 2021 ला नॅनो युरिया आला तेव्हापासून अर्ध्या लिटरच्या बाटल्या काउंटरवर मांडून बसलोय आणि त्याने खरंच फरक पडतो का यावरून शेतकऱ्यांच्या शिव्याही खाल्ल्यात. पण हाच शब्द एक दिवस ताईच्या केमोच्या कागदावर दिसेल असं वाटलं नव्हतं.

ताई निफाड तालुक्यात दिलेली. वय 52, शुगर आहे. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या टायमाला आंघोळ करताना हाताला गाठ लागली, पण घरात कुणाला बोलली नाही, माल निघू दे मग बघू. माल निघाला, दाजींच्या हातात विक्रीच्या हिशोबाची पट्टी आली, तोवर काखेत गाठी आणि फुफ्फुसावर डाग. आधी लाल औषधाच्या, म्हणजे डॉक्सोरुबिसिनच्या चार सायकल झाल्या, केस गेले, उलट्या झाल्या, पण निभावलं. मग पॅक्लिटॅक्सेल सुरू करायचं ठरलं.

तो दिवस सांगतो. आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग ॲलर्जीचं, मग ॲसिडिटीचं. सलाईनचा सेटसुद्धा वेगळा लागतो याला, फिल्टरवाला, कारण औषधासोबतचं द्रावण साध्या पीव्हीसी नळीतलं केमिकल ओढून घेतं म्हणे. तीन तास चालणार होतं. मी बाहेर चहा सांगून आत आलो तर ताईचा चेहरा लालभडक, कंबर धरून उठायला बघतेय, श्वास पुरत नाहीये आणि ती म्हणतेय "बाळा, काढ हे, काढ हे". सिस्टर पळत आल्या, नळीचं चाक आधी बंद केलं आणि मग डॉक्टरांना हाक मारली. दहा मिनिटंही झाली नव्हती. वर स्टेरॉइडमुळे संध्याकाळी शुगर 380.

मला वाटलं औषधच सोसलं नाही. डॉक्टर म्हणाले, औषधाचं नाही हो, ते ज्यात विरघळवलंय त्याचं हे काम. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या पदार्थात आणि अल्कोहोलमध्ये घोळवतात, आणि क्रेमोफोर बनतं एरंडेल तेलापासून. हे ऐकून मी तिथेच कपाळाला हात लावला, कारण साहेब, हा माझ्या धंद्यातला विषय आहे. ईसी म्हणून जी सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेली, पाण्यात मिसळून फवारायची कीटकनाशकं येतात त्यात अशीच एरंडेलापासूनची इमल्सिफायर वापरतात. कडक उन्हात ईसी मारलं आणि कोवळे घड करपले की शेतकरी म्हणतो औषध खराब दिलं. औषध खराब नसतं, सॉल्व्हंट भोवतं. म्हणून मी सांगतो, टेक्निकल तेच राहू दे, पावडरीतलं नाहीतर पाण्यातलं फॉर्म्युलेशन घे. जे द्राक्षाला कळतं ते आपल्या महात्मा फुले योजनेच्या कॉम्प्युटरला कळत नाही, एवढंच या पत्राचं रडगाणं.

तर डॉक्टरांनी लिहून दिलं नॅब-पॅक्लिटॅक्सेल. तेच औषध, पण एरंडेल नाही, अल्कोहोल नाही. माणसाच्या रक्तात असतं ते अल्ब्युमिन प्रोटीन घेऊन त्याच्या साधारण 130 नॅनोमीटरच्या कणांत औषध बांधलेलं, म्हणजे केसाच्या जाडीत असे सहाशे-सातशे कण ओळीने बसतील. वायलमध्ये पांढरी पावडर, सिस्टर त्यात सलाईन अगदी हळू सोडतात, फेस होऊ द्यायचा नाही, आणि ते दुधासारखं होतं. तीन तासांऐवजी अर्ध्या तासात बाटली संपली. आधीचं स्टेरॉइड लागलं नाही, ताईची शुगर जागेवर राहिली, आणि ती चक्क वडापाव खाऊन घरी गेली.

आता मधलं राहिलं. वडापावाआधी आम्ही चार दिवस हॉस्पिटलातल्या योजनेच्या काउंटरवर होतो. तिथे सांगितलं की महात्मा फुले योजनेच्या पॅकेजला कोड असतो, कोड पॅक्लिटॅक्सेलचा आहे, हे "नॅनोवालं" त्यात बसत नाही, प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज, परत येईल. काउंटरवरचा योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बिचारा पोरगाच होता, त्याने दोनदा टाकूनही बघितलं. शेवटी दाजींनी ट्रॅक्टरच्या हप्त्याचे पैसे काढले. ताईच्या अंगाला दर तीन आठवड्यांनी 390 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे 100 च्या चार वायल. पहिल्या दुकानात छापील किंमत लावली, तिसऱ्या दुकानात तीच कंपनी, तोच बॅच, निम्म्याहून कमीत मिळाली. मी पण दुकानदार आहे साहेब, मार्जिन मला शिकवू नये कुणी, पण एवढं मार्जिन मी कोराजन कीटकनाशकावर घेतलं असतं तर शेतकऱ्यांनी दुकान पेटवलं असतं.

हे काही कालपरवाचं प्रयोगशाळेतलं नवल नाही. अमेरिकेत जानेवारी 2005 मध्ये पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी याला मंजुरी मिळाली. साध्या पॅक्लिटॅक्सेलशी तुलना केली त्या मोठ्या चाचणीत गाठी आटोपण्याचं प्रमाण 33 टक्के आलं, साध्याचं 19. आपल्याकडच्या कंपन्या हे औषध बनवतात. नॅनोमधलंच दुसरं, चरबीच्या फुग्यात भरलेलं डॉक्सोरुबिसिन, त्याचा 2012 मध्ये अमेरिकेत तुटवडा पडला तेव्हा तिकडच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, आपल्या सन फार्माचं लिपोडॉक्स मागवायला परवानगी दिली होती. अमेरिकेला आपण पुरवतो आणि निफाडच्या बाईला कोड नाही म्हणतो, हे काय गणित आहे राव?

तुमचे अधिकारी म्हणतील, नॅनोचा उगाच गवगवा आहे. तर तेही सांगून टाकतो, कारण दुकानात खोटं बोलायची सवय नाही. भाषणात सांगतात तसं हे कण पत्ता विचारत थेट गाठीत जात नाहीत. 2016 मध्ये अशा बऱ्याच प्राण्यांवरच्या प्रयोगांचा हिशोब मांडला गेला, तर दिलेल्या कणांपैकी मधला आकडा 0.7 टक्के एवढेच गाठीत पोचतात असा निघाला. बाकीचे लिव्हर, प्लीहा गिळतात. आणि त्या 33 टक्केवाल्या चाचणीत हातापायांच्या जोरदार मुंग्या नॅबवाल्यांना जास्त होत्या, 10 टक्के विरुद्ध 2, कारण डोसही जास्त दिला होता. ताईलाही आता चप्पल पायात आहे की निसटली ते बघावं लागतं. म्हणून सगळ्यांना सरसकट हेच द्या असं मी म्हणतच नाही. ज्याला साधं सोसतंय त्याला साधंच द्या, स्वस्त आहे आणि चांगलं आहे. पण जिला पहिल्या दहा मिनिटांत रिॲक्शन आली, किंवा जिची शुगर स्टेरॉइडने हाताबाहेर जाते, तिच्यासाठी डॉक्टरने दोन ओळी लिहिल्या की त्याच मंजुरीत फॉर्म्युलेशन बदलून मिळावं, नवीन प्री-ऑथ नको, एवढी एक ओळ पॅकेजमध्ये स्पष्ट लिहून टाका. रेशनकार्डाचा रंग न बघता 5 लाखांचं कव्हर दिलंत, चांगलंच केलंत, पण कव्हर शिल्लक असून खिशातून पैसे जातात तेव्हा माणूस जास्त चिडतो.

आणि दर छापील किमतीवर लावू नका. टाटा मेमोरियलच्या पुढाकारातल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने हॉस्पिटलं एकत्र करून 40 औषधांची बोली लावली आणि दर धडाधड खाली आणले. आपल्याकडेही 2023 पासून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे, त्यांनी असं का करू नये?

अजून एक. अर्ध्या तासाचं औषध असेल तर त्यासाठी पेशंटने पहाटे पंचवटी एक्स्प्रेस धरून मुंबईत टाटासाठी परळ का गाठायचं? डे-केअरच्या खुर्च्या नाशिकमध्ये वाढवा. एका खुर्चीवर तीन तासांत एक बाई बसते तिथे निदान तिघी-चौघी होतील. सिंहस्थासाठी सध्या नाशिकचा एकही रस्ता खोदायचा राहिला नाहीये, त्यातच दहा खुर्च्यांचं बिल कुठे दडपलं तरी कळणार नाही कुणाला.

आणि रिॲक्शनची नोंद. ताईला जे झालं त्याचा फॉर्म कुणी भरला नाही, आम्हालाही असा फॉर्म असतो हे नंतर कळलं. आरोग्य विद्यापीठ माझ्या दुकानापासून गाडीवर पाच मिनिटांवर आहे. जिल्ह्यात क्रेमोफोरमुळे किती जणींची केमो अर्ध्यात थांबते एवढं एक वर्ष मोजायला त्यांना सांगा, आकडा हातात आला की तुमच्या वित्त विभागाशी भांडायला तुम्हालाच बरं पडेल.

ताईची चौथी सायकल गुरुवारी आहे. चार वायल आणून ठेवल्यात. तिन्ही दुकानांच्या दरांचे कागद आणि परत आलेल्या दोन्ही प्री-ऑथची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपला,
दिंडोरी रोडचा एक कृषी सेवा केंद्रवाला, नाशिक