फुटरेस्टची उंची आणि तज्ज्ञांची समिती

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अपंगांनी चालवलेली सेवा केंद्रं मोठ्या संस्थांकडे सोपवावीत, असं सुचवणारा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकमहाशयांच्या पदव्यांबद्दल आणि अनुभवाबद्दल आदर आहे. पण ही केंद्रं ‘भावनेच्या बळावर’ चालतात, त्यांना ‘व्यावसायिक दृष्टी’ नसते, हे वाचून पेपर बाजूला ठेवला. राग रात्रीतून उतरेल असं वाटलं होतं. उतरला नाही, म्हणून हे पत्र.

मी व्हीलचेअर वापरतो. मणक्याला इजा झाल्यापासून कमरेखाली संवेदना नाही. व्यावसायिक दृष्टीचा लाभ मी पुरेपूर घेतलेला आहे. एका नावाजलेल्या पुनर्वसन केंद्रातून घरी सोडलं तेव्हा फाइल जाडजूड होती, शिक्के सगळे जागच्या जागी होते. पुढे बैठकीच्या हाडावर जखम झाली. मलम बदललं, ड्रेसिंग बदललं, रक्त तपासून झालं. ‘मधूनमधून हातांवर जोर देऊन अंग उचलत जा’ हा सल्ला दर भेटीत मिळायचा आणि तो बरोबरच होता. तरी जखम भरायची आणि मी खुर्चीत बसू लागलो की पुन्हा उघडायची. पालथं पडून फरशीच्या नक्षीचा माझा जो सखोल अभ्यास झाला, त्यावर प्रबंध होईल.

शेवटी एका परिचिताने अपंगांनीच चालवलेल्या छोट्या केंद्रात धाडलं. तिथला खुर्च्या दुरुस्त करणारा स्वतःही खुर्चीतलाच. त्याने फाइल मागितलीच नाही. माझ्या गुडघ्यांकडे पाहत म्हणाला, ‘तुमच्या मांड्या सीटला टेकत नाहीत ना?’ मांडीखाली त्याने हात सरकवला तर तो सहज आत गेला. फुटरेस्ट इतके वर बसवलेले की गुडघे उंच, मांड्या अधांतरी आणि अंगाचा सगळा भार त्या दोन हाडांवर. पाना घेऊन त्याने फुटरेस्ट खाली घेतले, पुन्हा हात घालून पाहिला. मग बसायची गादी उपसली. ती उलटी! हाडांसाठीचा खोलगट भाग मागे असायला हवा, तो पुढे आलेला. कव्हर धुऊन घालताना कधीतरी फिरली असणार. ‘माझंही हेच झालं होतं,’ म्हणाला आणि गादीच्या मागच्या कडेला मार्करने जाड बाण काढून दिला. त्यानंतर जखम भरली ती भरलीच.

इतक्या तज्ज्ञांना हे का दिसलं नाही? कारण तपासणी व्हायची ती टेबलावर आडवं करून, आणि खुर्ची असायची दाराबाहेर. जखम सगळ्यांनी पाहिली, मी बसतो कसा हे कुणी पाहिलंच नाही. आता यातलं भावनिक काय आणि व्यावसायिक काय, हे लेखकमहाशयांनीच ठरवावं.

शिवाय हे काही आजचं खूळ नव्हे. अमेरिकेत बर्कली इथे 1972 साली अपंगांनी स्वतःचं ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं केलं. त्या चळवळीतले अग्रणी एड रॉबर्ट्स पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळे होते, झोपायचे ते आयर्न लंगमध्ये, म्हणजे श्वासोच्छ्वास चालवणाऱ्या पेटीसारख्या यंत्रात. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने आधी ‘हे कधी नोकरी करू शकणार नाहीत’ म्हणून त्यांना मदत नाकारली होती. पुढे त्याच खात्याचे संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली! तज्ज्ञांचे अंदाज तेव्हाही असेच अचूक असत. स्टॉकहोममध्ये 1984 साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेत मदतनीस कोण हवा आणि त्याने कधी यायचं, हे अपंग सभासद स्वतः ठरवतात. ‘अपंगांच्या संस्था’ (अपंगांनीच चालवलेल्या) आणि ‘अपंगांसाठीच्या संस्था’ (इतरांनी त्यांच्यासाठी चालवलेल्या) यांत फरक करा, असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही 2018 साली स्पष्ट सांगितलं आहे. लेखात मात्र दोन्ही एकाच पोत्यात.

डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट नकोत असं कोण म्हणतंय? मणक्याची शस्त्रक्रिया मला त्या पानेवाल्याकडून करून घ्यायची नाही. अपंगत्व आलं म्हणून माणूस आपोआप सर्वज्ञ होतो असंही नाही. मला खुर्चीतलं कळतं, पांढऱ्या काठीतलं ओ की ठो कळत नाही. अपंगांच्या केंद्रांतही शिकावं लागतं, हिशेब चोख ठेवावे लागतात, आणि काही केंद्रांत ते ठेवले जात नाहीत हे मान्य. मग हिशेबनीस नेमा की! केंद्रच काढून कशाला घेता? मोठ्या संस्थेत आम्हाला ‘सल्लागार’ म्हणून बोलावतात, कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसवून फोटो काढतात, आणि बैठकीचं इतिवृत्त नंतर तयारच येतं. तिथे फुटरेस्ट दोन बोटं खाली घ्यायचा तरी समितीची मंजुरी लागेल.

फोटोवरून आठवलं. लेखासोबत छापलेल्या फोटोत खुर्चीतल्या माणसाची फक्त पाठ दिसते आणि चेहरा दिसतो तो खुर्ची ढकलणाऱ्याचा. असले फोटो तुम्हाला नेमके मिळतात तरी कुठे?

आणखी एक. तुमच्या ई-पेपरची पानं म्हणजे नुसती चित्रं असतात, अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यातलं अक्षरही वाचू शकत नाही. अपंगांसाठी काय चांगलं हे सांगणारा हा लेख माझ्या अंध मित्राला मला फोनवर वाचून दाखवावा लागला, आणि मध्येच त्याने फोन आपटला. उरलेला भाग कृपया मजकुराच्या स्वरूपात उपलब्ध करून द्यावा. त्यालाही उत्तर लिहायचं आहे, आणि तो माझ्याइतका सौम्य नाही.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये)